पहिल्या गाठीचा मानकरी

आधीच सांगून ठेवतो : आमच्या घरात पहिली गाठ माझ्याकडे असते. दुसरी बायकोकडे. आणि आमची थोरली बहीण, जिला सगळं खानदान आक्का म्हणतं आणि टरकून असतं, तिच्याकडे पाचवी! कसली गाठ ते पुढे येईलच. पण घरातला पहिला मान कुणाचा याबद्दल कुणाच्या मनात शंका नको, म्हणून सुरुवातीलाच नोंद करून टाकली.

नोंद करणं हा माझा पेशाच आहे. एका मोठ्या सरकारी कचेरीच्या रेकॉर्ड रूमचा मी प्रमुख. तीस वर्षांत माझ्या हातून एक कागद हरवलेला नाही. साहेब बदलले, खाती बदलली, एकदा तर अर्धं छत खाली आलं. पण फाईल जागेवर! फायलीच्या नाडीला मी जी गाठ मारतो ती आमच्या कचेरीत प्रसिद्ध आहे. ओढाल तितकी आवळत जाते. ती सोडवू शकणारी माणसं जगात दोनच. एक मी, आणि दुसरा निवृत्त झाला.

तर आम्ही मूल दत्तक घ्यायचं ठरवलं. मी अठ्ठेचाळीस, बायको पंचेचाळीस. इथल्या यादीत आमचा नंबर लागेपर्यंत मलाच कुणीतरी दत्तक घ्यायची वेळ आली असती. म्हणून बाहेर अर्ज टाकला, आणि दोन वर्षांनी परदेशातल्या एका बालगृहाचं पत्र आलं : सहा वर्षांची मुलगी आहे, येता का? आम्ही म्हटलं, निघालोच!

आक्कानं तातडीची सभा बोलावली.

"या वयात?"

"या वयात."

"आणि परदेशातनं?"

"परदेशातनं."

"अरे, तिला आपलं काय कळणार? आणि तुला तिचं काय कळणार? तुला समोरच्या घरात कोण राहतं ते अजून ठाऊक नाही!"

"सगळं कळेल," मी म्हणालो. "फाईल केलीय."

फाईल! लोक पोरांना बाहुली देतात, सायकल देतात. मी तिला तिची अख्खी जन्मसंस्कृती देणार होतो, तीही अनुक्रमणिकेसह. इतिहास, भूगोल, कला, आचारविचार आणि परिशिष्टं असे पाच खंड. आठशे बारा पानं. प्रत्येक खंडाला लाल नाडी, नाडीला माझी ती गाठ. उद्या कुणी म्हणायला नको की पोरीला तिच्या मुळापासून तोडलं. मूळच काय, मी फांद्यांनाही क्रमांक दिले होते.

"तोंडावर आपटून परत येशील," आक्का म्हणाली.

"तिघं परत येऊ," मी म्हणालो. "बघच तू."

परदेशाचं मला दडपण होतं. पण विमानातून उतरल्यावर पहिल्याच खिडकीतल्या माणसानं माझ्याकडे न बघता 'पलीकडच्या खिडकीत जा' अशी खूण केली आणि मला एकदम माहेरी आल्यासारखं वाटलं.

नियम सरळ होता. भाड्याच्या दोन खोल्यांत मुलीला घेऊन आठवडाभर राहायचं. शुक्रवारी तपासनीस बाई येणार, बघणार, आणि शेरा मारणार. 'अनुकूल' असा शेरा आला तर पोरगी आमची. 'प्रतिकूल' आला तर ती बालगृहात आणि आम्ही विमानात.

बालगृहाच्या मेट्रननं तिला आणून आमच्यासमोर उभं केलं. एक पिशवी, एक वेणी, आणि कचेरीत नवा साहेब आल्यावर शिपाई त्याला जसा बघतो तशी नजर. मी तयारी करून आलो होतो. उभा राहिलो, घसा साफ केला आणि चार मिनिटं बोललो. तिचा देश, तिचे पूर्वज, दोन संस्कृतींमधला पूल वगैरे. आम्हाला एक दुभाष्या दिला होता. कायम झोपमोड झाल्यासारखा दिसणारा सडपातळ गृहस्थ. त्यानं तिला दोन शब्द सांगितले.

"काय सांगितलंत?" मी विचारलं.

"चांगला माणूस आहे, म्हटलं."

"एवढंच?"

"तेही माझ्या जबाबदारीवर."

मेट्रननं एक कागद पुढे केला. "हिच्या सवयींबद्दल थोडं सांगायचंय. विशेषतः बाहेर पडताना..."

मी हात वर करून थांबवलं. "काळजी नको. खंड चार, आचारविचार. शिवाय परिशिष्ट ब."

"अहो, ऐकून तरी घ्या!" बायको कुजबुजली.

"जे लिहिलेलं आहे ते पुन्हा ऐकायचं कशाला?"

मेट्रननं कागद टेबलावर ठेवला. मी तो तिथेच राहू दिला. तीस वर्षांत मी मागे सोडलेला तो पहिला कागद. लक्षात ठेवा.

तिचं नाव कागदोपत्री होतं तेच ठेवायचं ठरलं होतं, पण बायकोनं पाच मिनिटांत घरगुती वापरासाठी 'ठमी' करून टाकलं. तिनं ते मान्य केलं आणि बदल्यात माझंही नाव ठेवलं. बायको दिवसभर मला 'अहो' म्हणत होती. ठमीला वाटलं हेच माझं नाव. पहिल्याच संध्याकाळी मी न्हाणीघराचा दिवा चालू ठेवून बाहेर आलो, तर खालून आवाज आला : "अहो!" सूर हुबेहूब बायकोचा. एका घरात तसं म्हणणारी एक पुरत होती हो!

दुसऱ्या दिवशी सकाळी जन्मसंस्कृतीच्या शोधात निघायचं ठरलं. पहिला टप्पा, शहराचं वस्तुसंग्रहालय. मी पाचही खंड काखेत मारले. जिना उतरलो, फुटपाथवर आलो. आणि ठमी थांबली.

थांबली म्हणजे गाडली गेली! डावी मूठ कमरेपाशी घट्ट मिटलेली, अंगठा वर, नजर समोर. बायकोनं हात पुढे केला. तिनं धरला नाही. चॉकलेट दाखवलं, नको. दुभाष्या दहा वाजता येणार होता, आता नऊ.

"अहो, काय झालं हिला?"

"थांब!" माझे डोळे चमकले. "ही मुद्रा आहे. खंड तीन, पारंपरिक नृत्य!"

आणि खरंच पृष्ठ दोनशे एकोणीसवर तसंच चित्र होतं. मूठ कमरेला, अंगठा वर. प्रस्थानापूर्वीचं वंदन! मला गहिवरून आलं. सहा वर्षांची पोर, पण रक्तात कसं उतरतं बघा!

"आपणही करायला हवं," मी म्हणालो. "तिला परकं वाटता कामा नये."

"इथे? रस्त्यात?"

"संस्कृतीला जागेचं बंधन नसतं. मूठ कमरेला घे."

तर अशा रीतीनं भर फुटपाथवर आम्ही तिघं मुठी कमरेला लावून, अंगठे वर करून, समोर बघत उभे राहिलो. एक मिनिट गेलं. तीन मिनिटं गेली. एक दूधवाला सायकलवरून उतरून बघत थांबला. समोरच्या न्हाव्यानं गिऱ्हाइकाला साबण लावलेल्या अवस्थेत बाहेर आणून आम्हाला दाखवलं. ठमीनं मान वळवून एकदा माझ्याकडे, एकदा माझ्या अंगठ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते वंदन नव्हतं.

तेवढ्यात कोपऱ्यावरून मुलांची एक रांग आली. बालगृह तिथून दोनच गल्ल्या सोडून होतं. पुढे आया, तिच्या हातात एक जाड दोर, दोराला हातभर अंतरावर गाठी, आणि प्रत्येक गाठीवर एक मूल. डावी मूठ कमरेपाशी, अंगठा वर! आयाच्या हाताला लागून पहिल्या गाठीवर एक गोलमटोल कार्टं दोन्ही बूट उलटे घालून, तोंड उघडं टाकून आभाळ बघत चाललं होतं.

ठमी धावली आणि शेवटची रिकामी गाठ पकडून चालू लागली! आम्ही मागे. मी 'थांबा' म्हणतोय, खंड काखेतून सटकताहेत, बायको पदर खोचून पळतेय. आयानं रांग थांबवली, ठमीची मूठ एकेक बोट करून सोडवली आणि दोराकडे बोट दाखवून आम्हाला काहीतरी सांगितलं. भाषा कळली नाही, पण बायकोला तशी ती लागतच नाही.

"अहो, तिला दोर हवाय! तिला दोराशिवाय रस्त्यावर चालणं माहीतच नाही!"

"मग नृत्य?"

"घाला ते नृत्य चुलीत. दोर काढा कुठून तरी."

"इथे कुठला दोर?"

बायकोची नजर माझ्या काखेकडे गेली.

"अजिबात नाही!" मी खंड छातीशी धरले. "नाडी सोडलेली फाईल मी आजवर कधी उघड्यावर..."

"सोडा."

सोडली. पाच खंडांच्या पाच नाड्या एकापुढे एक बांधल्या, मध्ये गाठी मारल्या. ठमीनं प्रत्येक गाठ ओढून तपासली. एक नापसंत केली. ती मी पुन्हा मारली. मग पुढचं टोक तिनं स्वतःच्या हातात घेतलं आणि जागा वाटल्या. पहिल्या गाठीवर मी! दुसरीवर बायको!

"बघितलंस?" मी बायकोला म्हणालो. "ओळख होऊन चोवीस तास नाही झाले, पण कुटुंबप्रमुख कोण ते बरोबर ओळखलं."

"चला," बायको म्हणाली.

"चला!" ठमी म्हणाली. तिचा दुसरा शब्द. आणि नाडीला दोन झटके दिले. दोन झटके म्हणजे पाय उचला.

आता इथे माझं एक चुकलं. गाठ नुसती मुठीत धरायची असते. पण कचेरीतली सवय! वस्तू ताब्यात घेतली की ती पक्की करायची. मी हातात उरलेल्या नाडीचा फास करून मनगटात अडकवला आणि वर आपली ती प्रसिद्ध गाठ मारली.

पहिली दोनशे पावलं आम्ही राजेशाही चाललो. मग चौक आला. चौकात कारंजं होतं आणि वारा होता. आणि माझ्या काखेत पाच खंड होते, बिननाडीचे.

पहिलं पान सुटलं तेव्हा मी नुसतं 'अरे' म्हणालो. मग इतिहास उडाला. भूगोल त्याच्या मागे गेला. दीड मिनिटात त्या चौकावर आठशे बारा पानांची संस्कृती घिरट्या घालत होती! प्राचीन राजवंश कारंज्यात पोहत होते, नद्या आणि पर्वत एका म्हातारबाबांच्या टोपीवर बसले होते. तीस वर्षांचा लौकिक डोळ्यांदेखत उडत होता. माझं डोकं फिरलं. मी धावलो. एक पान हवेत, मी त्याच्या मागे. उडी मारली, पकडलं!

आणि हाताला ओढ लागली म्हणून मागे बघितलं.

ठमी पालथी पडली होती. दोन्ही हातांत नाडीचं टोक तसंच. तिची शिकवण पक्की होती, काही झालं तरी सोडायचं नाही. ती सोडत नव्हती, आणि मी तिला ओल्या फरशीवरून चार हात ओढत नेलं होतं. गुडघा फुटला होता. रडत मात्र नव्हती. माझ्याकडे बघून ती फक्त एवढंच म्हणाली, "अहो."

माझ्या हातात पान होतं. खंड चार, पृष्ठ एकशे सहा : 'बालसंगोपनाच्या परंपरा'.

एका परक्या माणसानं लहान पोरीला दोरीनं बांधून चौकातून फरफटत नेलं, हे शंभर माणसांनी पाहिलं. शंभरापैकी नव्वदांनी पोलिसाला बोलावलं आणि दहांनी मला धरून ठेवलं. चौकीत पोहोचलो तेव्हा दुभाष्या आला होता. फुटपाथवर आम्ही न दिसल्यावर तो नुसता गर्दीच्या दिशेनं चालत आला, म्हणाला.

पोलीस लिहून घेत होता. दुभाष्यानं वाचून दाखवलं, "परदेशी इसमाने मुलीस दोरीने बांधून..."

"खोटं!" मी मनगट टेबलावर आपटलं. "बांधलेला मी आहे! ही मोकळी आहे!"

पोलिसानं मनगट बघितलं. फास बघितला. गाठ सोडवायला गेला, ती आणखी आवळली. साथीदाराला बोलावलं. दोघांनी ओढली. माझी बोटं वांग्याच्या रंगाची झाली. सोडवू शकणारा मी एकटा, आणि माझाच उजवा हात आत! डाव्या हातानं मला सहीसुद्धा येत नाही. शेवटी पोलिसानं कात्री काढली.

ठमी ओरडली. कात्री आणि नाडी यांच्यामध्ये येऊन उभी राहिली. रक्ताळलेला गुडघा, वर केलेली हनुवटी. पोलिसानं कात्री खाली ठेवली. साहेब लोकांनाही मी इतक्या चटकन माघार घेताना पाहिलेलं नाही.

तेवढ्यात तपासनीस बाई आल्या. शुक्रवारची वाट न बघता! जाड चष्मा, हातात वही, आणि चेहऱ्यावर 'प्रतिकूल' आधीच टाईप केलेलं. त्यांनी गुडघा बघितला, नाडी बघितली, मला बघितलं.

"घरात राहणाऱ्या मुलाला दोर लागत नाही," त्या दुभाष्यामार्फत म्हणाल्या. "आम्ही तिची ती सवय मोडायचा प्रयत्न करतोय. आणि तुम्ही दुसऱ्याच दिवशी नवा दोर बांधून दिलात. ही आजच परत जाईल. दोर मात्र आधी कापून टाका."

बायकोनं माझा दुसरा हात धरला. मला आक्काचं बोलणं आठवलं. आणि का कोण जाणे, मी उभा राहिलो.

"कापायचा नाही!"

"अहो," बायको म्हणाली.

"नाही म्हणजे नाही! बाई, मी गाढव आहे हे लिहून घ्या, खाली सही करतो. डाव्या हाताची चालत असेल तर. गुडघा माझ्यामुळे फुटला. पण मी या देशाबद्दल आठशे बारा पानं गोळा केली, त्यात हिचं एक पान नव्हतं. हिचं जे काही आहे ते एवढंच, ही गाठ. सोडायची तेव्हा ती सोडेल. दहा वर्षं लागली तर दहा वर्षं आम्ही रांगेत चालू. तुमच्या शेऱ्यासाठी मी हिची वस्तू कापू देणार नाही. मारा काय मारायचा तो शेरा!"

मी दुभाष्याकडे बघितलं. तो विचारात पडला. मग बोलायला लागला आणि चक्क मिनिटभर बोलला!

बाईंनी वही मिटली. "बालगृहात चला. मेट्रनसमोर बघू."

'चला' कुणाच्या तोंडून आलं याच्याशी ठमीला देणंघेणं नसावं. सगळे उठले हे तिनं पाहिलं आणि ती कामाला लागली. पहिल्या गाठीवर मी होतोच, सुटायची सोय नव्हती. दुसरीवर बायको. तिसरीकडे बोट दाखवून ती तपासनीस बाईंकडे बघत राहिली. बाईंनी चष्मा सारखा केला, इकडेतिकडे पाहिलं आणि गाठ धरली. चौथी पोलिसाला; आरोपी नजरेआड होऊ द्यायचा नाही, म्हणून त्यानंही धरली. उरलेल्या पाचव्या गाठीवर दुभाष्या, अर्धवट झोपेत.

दोन झटके. निघालो! गाड्या थांबल्या. न्हाव्यानं पुन्हा गिऱ्हाईक बाहेर आणलं. दोन ठिकाणी मी दुकानांच्या पाट्या बघत रेंगाळलो, दोन्ही वेळा झटका बसला. बाईंना एकदाही बसला नाही.

बालगृहाच्या दारात मेट्रन उभी होती. ठमीनं रांग थांबवली, वळून एकेकाला मोजलं आणि काहीतरी सांगितलं.

"ती म्हणतेय," दुभाष्या म्हणाला, "एकही हरवला नाही."

मेट्रननं ठमीसमोर बसून गुडघा पुसला. मग विचारलं, आत यायचंय का? जेवायची वेळ झालीय, तुझा पलंग तसाच आहे. दुभाष्या शब्द न् शब्द सांगत होता. कुणी सांगितलं नव्हतं तरी.

ठमीनं आत बघितलं. मग आमच्या रांगेकडे बघितलं. ठमीनं नाडीचं टोक हाताभोवती एक वेढा घेऊन घट्ट केलं आणि माझ्याकडे हनुवटी करून बोलली. तपासनीस बाईंच्या चष्म्यामागे काहीतरी हललं.

"काय म्हणाली?" मी विचारलं. "लवकर सांगा हो!"

"म्हणाली, मी आत गेले तर यांना घरी कोण नेणार? यांना रस्ता ओलांडता येत नाही."

बाईंनी तिथेच, तिसरी गाठ डाव्या हातात धरून, पायरीवर वही ठेवून शेरा लिहिला. त्याची प्रत माझ्याकडे आहे : 'अनुकूल. मुलगी जबाबदार आहे. पालकांची नीट काळजी घेईल.'

बायको रडली. पोलिसानं नाक पुसलं आणि चौकीतला कागद घडी घालून खिशात टाकला. मला तर स्वर्ग दोन बोटं उरला. मी मेट्रनला म्हणालो, "बाई, तुम्हाला एक सांगतो. हिनं दुसऱ्याच दिवशी पहिली गाठ कुणाला दिली? मला! मान कुणाला द्यायचा ते या पोरीला उपजत कळतं!"

दुभाष्यानं सांगितलं. मेट्रन हसायला लागली. तपासनीस बाई हसल्या. पोलीसही हसला. मेट्रननं हसत हसत काहीतरी लांबलचक सांगितलं.

"काय म्हणताहेत?"

दुभाष्या पहिल्यांदाच पूर्ण जागा दिसला. "पहिली गाठ नेणाऱ्याच्या हाताजवळची असते. जो रस्त्यात भरकटतो, भलतीकडे बघत राहतो, ज्याचा अजिबात भरवसा नाही, त्याला ती देतात. सगळ्यात भरवशाचं मूल शेवटच्या गाठीवर. हे त्या कागदात होतं म्हणे. तुम्ही टेबलावर सोडून गेलात तो."

आम्ही तिघं परत आलो. नाडी बायकोनं साबण लावून दोन तासांत माझ्या मनगटातून काढली, न कापता. आता ती दाराजवळच्या खुंटीवर असते.

आक्का बघायला आली ती भांडायच्या तयारीनं. ठमीनं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि बाहेर निघताना शेवटची, पाचवी गाठ हातात दिली. मधल्या दोन रिकाम्या सोडून! आक्का तिथेच फुगली. "धाकट्या भावाला पहिली आणि मला शेवटची? मी थोरली आहे!" तेव्हापासून ती दर रविवारी येते, पोरीची वेणी घालते, गोष्टी सांगते, आणि पहिली गाठ मिळवायचा प्रयत्न करते. परवा तर वेणीला रेशमी फीत आणली, उघड उघड लाच! पोरगी बधली नाही.

पहिल्या गाठीचा अर्थ मी आक्काला सांगितलेला नाही. कुठला कागद कुणाला दाखवायचा नाही हे मला कळतं. तुम्हीही बोलू नका.

काल चौघं बाजारात निघालो होतो. छान ऊन होतं, मी ताठ मानेनं पहिल्या गाठीवर, मागे आक्का धुसफुसतेय. एका दुकानात फायलींच्या नव्या नाड्या टांगलेल्या दिसल्या. हिरव्या! मी जरा थांबलो.

ठमीनं मागे वळूनही बघितलं नाही. दोन झटके.

"अहो!"

गेलो मुकाट्यानं.